वीस हजार मोहरा आणि थांबून राहिलेलं शहर

‘बाल्डर्स गेट २’ या कॉम्प्युटर गेममध्ये आयरेनिकस नावाच्या जादूगाराच्या तळघरातून तुम्ही कसेबसे सुटता, भर बाजारात उजेडात येता, आणि पाच मिनिटांत तुमची लहानपणापासूनची सोबतीण डोळ्यांदेखत उचलून नेली जाते. तिचं नाव इमोएन. रागाच्या भरात तिने आयरेनिकसवर मंत्र सोडलेला असतो, आणि ॲथकाटला शहरात परवान्याशिवाय जादू करणं गुन्हा आहे. काउल्ड विझर्ड्स म्हणजे तिथले जादूचे पोलीस. ते हवेतून प्रकटतात आणि त्याच्याबरोबर तिलाही घेऊन जातात. कुठे, ते कोणी सांगत नाही. पुढे झोपडपट्टीच्या भागात गेलन बेल नावाचा एक गृहस्थ तुम्हाला गाठतो, गोड बोलून घरी नेतो. माझ्या ओळखीची माणसं तिचा पत्ता काढतील, म्हणतो, तुम्हाला तिथवर पोचवतीलही. खर्च वीस हजार मोहरा.

तुमच्या खिशात तेव्हा धड रात्रीच्या मुक्कामाची सोय असते, फार तर एखादी बरी ढाल. इथून ‘बाल्डर्स गेट २: शॅडोज ऑफ ॲम्न’चा दुसरा अध्याय सुरू होतो. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीने हा गेम २००० साली काढला. पार्टी, म्हणजे साथीदारांची टोळी, घेऊन खेळायच्या जुन्या वळणाच्या फँटसी आरपीजींचा (भूमिका वठवायच्या गेमांचा) विषय निघाला की दहातले आठ जण याचंच नाव घेतात. मला इथे सगळा गेम उलगडायचा नाही, फक्त ही वीस हजारांची मागणी बघायची आहे. या प्रकारच्या गेमांत जे चांगलं आहे आणि जे डोक्यात जातं, ते दोन्ही या एका मागणीत सापडतं असं माझं मत आहे. (पुढे योशिमो नावाच्या एका सोबत्याचं गुपित फुटणार आहे. पंचवीस वर्षं झाली, आता कोणी रागावू नये.)

“ती कुठे जात नाही”

मी हा गेम पहिल्यांदा पाहिला तो मामेभावाच्या खांद्यावरून. उन्हाळ्याची सुट्टी, मामाकडचा एकच कॉम्प्युटर, आणि चार सीडींचा संच. शहराच्या एका भागातून दुसऱ्यात गेलं की मध्येच गेम सीडी बदलायला सांगायचा, ते काम माझं. दादा खेळायचा, मी सीडी घालायचे आणि मधूनमधून सल्ले द्यायचे.

इमोएनला नेलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. गेलन बेलची मागणी ऐकून दादाने शांतपणे नकाशा उघडला आणि बाजारातल्या सर्कशीच्या तंबूकडे निघाला.

“अरे दादा, तिला तिकडे मारत असतील आणि तू सर्कस बघायला चाललास?”

“मारू दे गं. ती कुठे जात नाही.”

तेव्हा ते निर्दय वाटलं होतं. पुढे स्वतः तीनदा हा गेम खेळल्यावर कळलं की या गेमचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. ती कुठेच जात नाही. वीस दिवसांनी जा, दोनशे दिवसांनी जा, इमोएन तिथेच असते, तशीच असते, आणि तिची पुढची गोष्ट तुम्ही पोचल्यावरच सुरू होते. झोपलं की कधीतरी स्वप्नात ती आणि आयरेनिकस दिसतात, मन कासावीस होतं, आणि सकाळी उठून तुम्ही कुणाच्या तरी शेतावरचे राक्षस मारायला जाता.

पैसाच का मागितला?

गेम रचणाऱ्यांपुढे तेव्हा काय अडचण असेल त्याचा विचार करून बघा. एक मोठं शहर बांधलंय. झोपडपट्टी, गोदी, देवळांचा भाग, सरकारी कचेऱ्यांचा भाग, पूल, कबरस्तान. शहराबाहेर पाचसहा गावं आणि गढ्या. या सगळ्यात खेळणाऱ्याने फिरावं, पण सुरुवातीलाच जिवाभावाचं माणूस पळवून कथेने त्याच्या पायाला चटका लावून ठेवलाय. फिरायला सवड द्यावी तर कथा खोटी पडते, कथेचं ऐकावं तर शहर न बघताच मागे राहतं.

एक उपाय घड्याळाचा. १९९७च्या ‘फॉलआउट’ने तो केला होता: पाण्याची चिप शोधायला १५० दिवस. घाई खरी वाटायची, पण प्रत्येक वळणावर धास्ती, इकडे डोकावलो आणि दिवस संपले तर? दुसरा उपाय म्हणजे दार बंद ठेवायचं आणि तुमची लेव्हल (अनुभवाची पातळी) कमी आहे असं सरळ तोंडावर सांगायचं. असल्या दारावर आपटलं की गेम खेळतोय हे चटकन आठवतं.

बायोवेअरने पैसे मागितले, आणि मला ही चाल अजूनही हुशारीची वाटते. पैशाला कसलंच शील नसतं. तुमचा नायक धर्मभीरू पॅलडिन योद्धा असो की गळे कापणारा चोर, वीस हजार दोघांनाही लागतात. त्यामुळे शहरातलं कुठलंही काम घेतलं तरी ते इमोएनसाठीच घेतलं असं स्वतःला समजावता येतं. नालियाच्या वडिलांची गढी ट्रोलांनी बळकावली आहे? चला, मोबदला मिळेल. ट्रेडमीट गावावर जनावरं चालून येतायत? चला. कातडी सोलून खून करणारा कोणीतरी पुलाच्या भागात मोकळा फिरतोय? त्याचेही पैसे मिळतील. आणि पैसे साठेपर्यंत टोळीची ताकद नकळत वाढलेली असते. लेव्हलचीच अट, पण मोहरांचा वेश घालून आलेली.

शिवाय ही रक्कम खर्चाला मोह घालते. शहरात उघड्यावर जादू करायचा परवाना ५,०००ला, म्हणजे इमोएनच्या किमतीचा चौथा हिस्सा. तो न घेता मंत्र टाकला तर पहिल्यांदा ताकीद, नंतर जादूगार अंगावर. बाजारातल्या ॲडव्हेंचर मार्टमध्ये रिबाल्ड नावाचा दुकानदार एकेक चीज अशी दाखवतो की इमोएन आठवडाभर आणखी थांबेल असं मन परस्पर ठरवून टाकतं. पहिल्या खेपेला माझ्याकडे अकरा हजार जमले होते. सात हजार रिबाल्डकडे गेले. त्याची अपराधी टोचणी आजही आठवते, आणि ती गेमने कुठलीही पाटी न दाखवता माझ्याकडून काढून घेतली.

गढीतले ट्रोल

आता एका कामाकडे जवळून बघू. नालियाची गढी. नालिया भेटते कॉपर कोरोनेट नावाच्या गुत्त्यात. त्या गुत्त्यात पाऊल टाकणं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाने शिरणं. जो तो बाजूला घेऊन आपलंच सांगतो. नालियाला गढी सोडवायची आहे, कोर्गन नावाच्या बुटक्याला लुटीसाठी साथीदार हवेत, अनोमेनला सत्कार्य हवंय, आणि मागच्या खोल्यांत गुलामांच्या झुंजी चालू आहेत त्या वेगळ्याच. पंधरा मिनिटांत दैनंदिनीत इतकी कामं जमा होतात की मूळ काम कुठलं ते वर सरकवून शोधावं लागतं. जग भरलेलं आहे हे खरं, पण सगळं एकदम अंगावर येतं आणि त्याला कसलाच उतरता-चढता क्रम नसतो. नवा खेळणारा इथेच गळतो. दोन मित्रांना मी हा गेम दिला, दोघांनीही कॉपर कोरोनेटमध्येच राम म्हटला.

तर गढी. अंधारा दिवाणखाना, दोन ट्रोल. स्पेसबार दाबून खेळ थांबवला, सोबत्यांपैकी मिन्स्कला पुढे केलं, जहीराला त्याच्या डावीकडे, बाकीच्यांच्या हातात धनुष्य, पुन्हा स्पेसबार. ट्रोल कोसळला. हुश्श करून पुढे निघाले तोवर तो उठून उभा. पुन्हा पाडला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा मिन्स्क गेला. मग कुठे डोक्यात आलं की पडलेल्या ट्रोलला आग नाहीतर तेजाब लावल्याशिवाय तो मरत नाही. आधी जतन केलेला खेळ पुन्हा लोड केला. या वेळी ट्रोल पडला की जादूगाराने त्याच्यावर तेजाबाचा बाण सोडायचा, एवढंच आधी ठरवलं. तलवारीला जे चार मिनिटं जमलं नव्हतं ते एका किरकोळ मंत्राने केलं.

हा क्षण या प्रकारच्या गेमांचा गाभा आहे. एकटा शूरवीर इथे उपयोगाचा नाही. एकाने अडवायचं, एकाने पाडायचं, एकाने जाळायचं, आणि थांबवून थांबवून या सहा जणांचं एकच वाक्य तुम्ही जुळवायचं. याच गढीत एका साखळदंडी गदेची तीन डोकी विखुरलेली मिळतात, ती भट्टीवर जोडली की तयार होणारं हत्यार ट्रोलांवर चालतं. म्हणजे अडचण आणि तिचा इलाज एकाच छपराखाली ठेवलेत, शोधणाऱ्याला सापडावेत म्हणून.

आणि कमजोरीही त्याच दिवाणखान्यात आहे. ट्रोल कसा मरतो हे मला कळलं ते मेल्यावर. ज्याने डन्जन्स अँड ड्रॅगन्सची, म्हणजे ज्या टेबलावरच्या खेळाचे नियम हा गेम वापरतो त्याची, पुस्तकं वाचलीत त्याला ते पाठ असतं, पण आपल्याकडे त्या काळी ती पुस्तकं पाहिलेला माणूस गल्लीत शोधून सापडला नसता. पुढे जादूगारांच्या लढाया येतात तेव्हा तर कहर होतो. समोरचा अंगाभोवती पाचसहा संरक्षणं ओढून उभा, कुठलं कशाने उतरतं हे मंत्रांची वर्णनं पाठ केल्याशिवाय समजत नाही. हरा, लोड करा, एक पापुद्रा काढा, हरा, लोड करा. थॅको नावाचा (वार लागण्याचा) आकडा जितका कमी तितका चांगला, चिलखताचा आकडाही कमी तितका चांगला, पण ताकदीचा जास्त तितका चांगला. दादाने मला हे समजावताना शेवटी वही आणली होती.

अरुंद बोळातली चाल हा तर निव्वळ छळ. सहा जणांना दारापलीकडे जा म्हटलं की दोघे अडकतात, एक वळसा घेऊन भलत्याच खोलीतून निघतो, आणि सगळ्यात नाजूक जादूगार नेमका आघाडीवर. चाळीच्या जिन्यातून कपाट चढवताना चौघे चार दिशांना ओढतात, तशातली गत. यात गुण शोधायला मी बसणार नाही.

आठ तासांची झोप

ट्रोल मारून झाले, मंत्र संपले. मग काय? झोपायचं. या नियमांत मंत्र आधी ‘पाठ’ करून ठेवावे लागतात, वापरला की गेला, झोपून उठल्यावर परत. कागदावर हे सुंदर आहे, कारण प्रत्येक मंत्र जपून वापरावा लागतो. प्रत्यक्षात गढीतल्या दिवाणखान्यात, ट्रोलांच्या प्रेतांशेजारी, तुम्ही आठ तास ताणून देता आणि सगळे मंत्र परत मिळवता. मध्ये कधी एखादा राक्षस येऊन झोपमोड करतो, एवढाच त्रास. वरच्या मजल्यावर शत्रू तसेच उभे असतात, तुमची झोप होईपर्यंत.

दुखरी नस मला सापडते ती इथे, आणि गेलन बेलच्या मागणीशी ती जोडलेली आहे. मोठी घाई लांबणीवर टाकण्यासाठी पैशाची अट घातली ती योग्यच. पण मग लहान घाईही सगळ्या सैल सोडल्या. झोपेला किंमत नाही, दिवसाला किंमत नाही, त्यामुळे मंत्र जपून वापरायचं कारणच उरत नाही. घड्याळ तर चालू असतं. खऱ्या पाच मिनिटांना गेममधला एक तास होतो, दैनंदिनीत दिवस मोजले जातात, रात्री चोर फिरतात, सकाळी दुकानं उघडतात. फक्त त्या दिवसांचा हिशेब कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे हा हिशेब ठेवणं गेमला जमत नाही असं नाही. याच अध्यायात जहीराला एका जुन्या शत्रूचा शाप लागतो आणि ती खंगायला लागते. तिच्यासाठी धावावं लागतं, आणि माणूस धावतो. काही सोबती आपलं काम लांबवलं तर आधी कुरकुरतात, शेवटी रामराम ठोकून निघून जातात. म्हणजे लहान मापाची घड्याळं आहेत आणि ती छान चालतात. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिच्या घड्याळाला मात्र किल्लीच दिलेली नाही.

नंतरच्यांनी यावर बरंच डोकं चालवलं. २०१५च्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ने मुक्कामाचं सामान मोजून द्यायला सुरुवात केली. २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’ने लांब झोपेसाठी शिधा मागितला. तोही भरपूर मिळतो, त्यामुळे चटका बसत नाही, पण निदान कोणीतरी हिशेबाची वही उघडली. याउलट २०१८च्या ‘पाथफाइंडर: किंगमेकर’ने दिवसांच्या मुदती घातल्या तेव्हा लोक वैतागले. म्हणजे आम्हा खेळणाऱ्यांनाही काय हवंय ते धड सांगता येत नाही. घाई खोटी असली तर हसतो, खरी असली तर रडतो.

कुलपं उघडणारा

पार्टीत जागा सहा. एक तुमची, उरलेल्या पाच, आणि निवडायला सोळा सोबती. इथे हा गेम आपल्या पूर्वजांच्या खूप पुढे गेला. १९८१च्या ‘विझर्ड्री’तही सहा जण असत, पण ते तुम्हीच बनवायचे. नावं द्यायची आणि भुयारात ढकलायचे. इथले सोळा जण आपापलं घर, तोंड आणि वैर घेऊन येतात. केल्डॉर्न हा म्हातारा पॅलडिन आणि व्हिकोनिया ही ड्राउ, म्हणजे भूमिगत एल्फ जमातीतली, पुरोहितीण एकत्र ठेवले तर एक दिवस हत्यारं काढतात. एरीचा आणि कोर्गनचा असाच छत्तीसचा आकडा. तुमची कीर्ती फार चांगली झाली तर दुष्ट सोबत्यांना ते सोसत नाही.

पण सोळातून पाच निवडायचे हे म्हणण्यापुरतं. कारण सापळे. प्रत्येक तळघरात सापळे आहेत, प्रत्येक पेटीला कुलूप आहे, आणि इमोएन गेल्यावर निव्वळ चोराचा धंदा करणारा एकच उरतो, तो योशिमो. नालिया आणि जॅन थोडं थोडं जाणतात, पण पहिल्याच तळघरात हसतमुख योशिमो स्वतःहून भेटतो आणि बहुतेक जण त्याला घेतात. कुलपांची गरज निवड आधीच करून टाकते. एरवी मी याला सरळ दोष म्हटलं असतं. प्रत्येक टोळीला एक वैद्य, एक जादूगार, एक चोर लागणारच, मग स्वभाव आवडो न आवडो. कित्येकदा ज्याच्याशी बोलावंसं वाटतं तो गुत्त्यातच बसून राहतो, कारण त्याला कुलूप उघडता येत नाही.

इथे मात्र त्या दोषाचाच फास केलाय. वीस हजार भरता (किंवा बोधी नावाच्या बाईला पंधरा हजार. नाव ऐकून मला आधी एखादी साध्वी वाटली होती, निघाली रक्तपिपासू), आणखी थोडी कामं उरकता, कारण पैसे घेऊन लगेच काम करणारा मध्यस्थ तिथेही नाही, आणि जहाजाने ब्रिनलॉ बेटावरच्या स्पेलहोल्डला, म्हणजे इमोएनला कोंडलेल्या इमारतीत, पोचता. तिथे कळतं की योशिमो पहिल्यापासून आयरेनिकसचा माणूस होता, शापाने बांधलेला. तुम्ही त्याला आवडला म्हणून घेतलं नव्हतं, गरज होती म्हणून घेतलं होतं, आणि ही गरज तुम्हाला भासणार हे शत्रूला आधीच माहीत होतं. लिहिलेल्या कथेत विश्वासघात खूप वाचलेत. पण आपणच पंचवीस तास ज्याच्या हातात तळघराची दारं सोपवली त्याने केलेला विश्वासघात वेगळा लागतो. हे फक्त पार्टीच्या गेमलाच जमू शकतं.

आणि योशिमो गेला की सापळ्यांची जागा रिकामी होते, त्याच इमारतीत इमोएन परत मिळते, आणि तिला कुलपं उघडता येतात. हिशेब इतका चोख बसतो की कुणीतरी कागदावर मांडून ठेवला असणार.

मागच्या वर्षी मी तिसऱ्यांदा खेळले, २०१३ साली निघालेली सुधारित आवृत्ती, लॅपटॉपवर, सीडी न बदलता. या खेपेला योशिमोला घेतलंच नाही, कुलपांसाठी बडबड्या जॅनला ठेवलं. स्पेलहोल्डला पोचले तेव्हा दैनंदिनीत त्रेसष्टावा दिवस होता. इमोएन भेटली, हरवलेली, अर्धी मोडलेली. सोबत येते म्हणाली, आणि गेमने नेहमीची खिडकी समोर धरली: जागा सहाच, कोणाला काढू? जॅन होता, म्हणजे कुलपांसाठी तिची गरज नव्हती. मंत्रांसाठी एरी होती, आणि इमोएन तर सगळ्यांच्या मागे पडलेली, इतके दिवस कोंडून ठेवलेल्या माणसाची लेव्हल वाढणार कुठून.

मी कोर्गनला काढलं आणि तिला घेतलं. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “वेडी आहेस. कोर्गन सोडतं का कुणी?” पुढचे चार तास आम्ही भुयारातून चाललो होतो. एरी बोलली, जहीरा बोलली, जॅनचं तर तोंड थांबेना. इमोएनसाठी लिहिणाऱ्यांनी फारसं काही लिहूनच ठेवलेलं नव्हतं.